गाठ काढावी, गर्भाशय राखावे

मासिक पाळीच्या वेळी अंगावरून अधिक जाऊ लागले, ओटीपोट जड वाटू लागले आणि तपासणीत गर्भाशयात गाठ असल्याचे कळले, की "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला घरच्या आणि शेजारच्या मंडळींकडून लागलीच मिळतो. कित्येकदा दवाखान्यातही तोच पहिला आणि शेवटचा उपाय म्हणून सांगितला जातो. गाठ आणि गर्भाशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाठ काढून गर्भाशय जागच्या जागी राखता येते, ही गोष्ट फारच थोड्या स्त्रियांना माहीत असते. ज्या शस्त्रक्रियेने हे साधते तिला वैद्यकात 'मायोमेक्टॉमी' म्हणतात. ही शस्त्रक्रिया नवी नाही, प्रायोगिक नाही आणि केवळ मोठ्या शहरांतील श्रीमंतांसाठीही नाही. ती कोणासाठी योग्य, ती कशी करतात, तिच्या मर्यादा कोणत्या आणि निर्णय घेण्यापूर्वी स्त्रीने व तिच्या कुटुंबाने काय जाणून घ्यावे, याची माहिती देण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

गाठी म्हणजे काय?

निरोगी स्त्रीचे गर्भाशय साधारणतः साडेसात सेंटिमीटर लांबीचे, मुठीपेक्षा लहान आणि पेरूच्या आकाराचे असते. त्याची भिंत जाड स्नायूंची असते. या स्नायूंतीलच एखादी पेशी कधीकधी वाजवीपेक्षा अधिक वाढू लागते आणि तिच्यापासून स्नायू व तंतू यांची घट्ट, गोलसर गाठ तयार होते. हिलाच 'फायब्रॉइड' किंवा तंतुमय गाठ म्हणतात. ती मोहरीच्या दाण्याएवढी असू शकते आणि नारळाएवढीही होऊ शकते. एकाच गर्भाशयात एक गाठ असेल किंवा अनेक असतील.

या गाठी अतिशय सर्वसामान्य आहेत. वयाच्या पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठ्या गाठी आढळू शकतात, असे परदेशांतील सोनोग्राफीच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. त्यांतील अनेकींना आपल्या पोटात गाठ आहे हे आयुष्यभर कळतही नाही, कारण गाठीचा काही त्रासच होत नाही. गाठींची वाढ स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर अवलंबून असते. म्हणून त्या ऐन तारुण्यात वाढतात आणि पाळी कायमची थांबल्यानंतर सामान्यतः आक्रसू लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या गाठी कर्करोगाच्या नसतात. 'गाठ' हा शब्द ऐकताच मनात कर्करोगाची भीती उभी राहते आणि त्या भीतीपोटी घाईने निर्णय घेतले जातात. वस्तुतः गर्भाशयाच्या स्नायूंचा कर्करोग हा वेगळा आणि अतिशय विरळा आजार आहे. पाळी थांबल्यानंतर गाठ वाढू लागणे किंवा पुन्हा रक्तस्राव सुरू होणे, यांसारख्या लक्षणांत मात्र त्याची शंका घेऊन तपासणी करणे अगत्याचे असते.

गाठीचा आकार नव्हे, तिची जागा

गाठ किती मोठी आहे, असा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. ती कोठे आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. स्थानानुसार गाठींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही गाठी गर्भाशयाच्या आतील अस्तराखाली वाढतात व पोकळीत डोकावतात. काही भिंतीच्या जाडीतच राहतात. काही बाहेरच्या अंगाला वाढून पोटाच्या पोकळीत येतात. त्यांना कधीकधी देठही असतो.

आतील पोकळीत डोकावणारी सुपारीएवढी गाठ महिन्याच्या महिन्याला प्रचंड रक्तस्राव घडवू शकते, तर बाहेरच्या अंगाची मोसंबीएवढी गाठ काहीच त्रास न देता वर्षानुवर्षे राहू शकते. मोठ्या गाठीचा दाब समोरच्या मूत्राशयावर पडला तर वारंवार लघवीला जावे लागते. मागे आतड्यावर पडला तर शौचास त्रास होतो. काहींना पाळीत तीव्र वेदना होतात. काहींना गर्भ राहत नाही किंवा राहिलेला गर्भ टिकत नाही. याही बाबतीत गाठीचे स्थान निर्णायक ठरते. गर्भाशयाच्या पोकळीचा आकार बिघडविणारी गाठ गर्भधारणेत अडथळा आणू शकते; बाहेरच्या अंगाची गाठ बहुधा आणीत नाही. म्हणून मूल होत नसल्याचे खापर दिसेल त्या गाठीवर फोडण्यापूर्वी पती व पत्नी या दोघांचीही पूर्ण तपासणी व्हावयास हवी.

पाळीच्या वेळी साधारणतः तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशी मिलिलिटरपेक्षा अधिक गेल्यास तो अतिरिक्त रक्तस्राव समजतात. घरच्या घरी हे मोजता येत नाही; परंतु तासातासाला कपडा बदलावा लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, पाळी सात दिवसांहून अधिक काळ चालणे, या खुणा पुरेशा आहेत. असा स्राव महिनोन्महिने होत राहिला की शरीरातील लोह संपते आणि रक्तक्षय होतो. धाप लागते, पाय सुजतात, उभ्याने काम होत नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला गाठीमुळे होणारा रक्तस्राव किती महागात पडतो हे यावरून ध्यानात येईल. "बाईच्या जातीला हे चालायचेच" म्हणून तो अंगावर काढणे म्हणूनच घातक होय.

अगोदर औषधे, मग शस्त्र

त्रास न देणाऱ्या गाठीला कोणताही उपचार लागत नाही. ठराविक काळाने तपासणी केली म्हणजे पुरे. त्रास होत असेल, तर प्रथम औषधांचा विचार करतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या पाळीच्या दिवसांत देता येतात. संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवावयाचे संप्रेरकयुक्त साधन काही जणींना उपयोगी पडते. परंतु पोकळी वेडीवाकडी झाली असल्यास ते साधन टिकत नाही. काही इंजेक्शनांनी पाळी तात्पुरती थांबते आणि गाठी लहान होतात. ती बंद केल्यावर गाठी पुन्हा वाढतात, त्यामुळे त्यांचा उपयोग मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वी रक्त भरून काढण्यासाठी होतो.

गाठीला रक्त पुरविणाऱ्या धमन्या बारीक कणांनी बंद करण्याची एक पद्धत १९९५ साली फ्रान्समध्ये प्रथम मांडण्यात आली. तिच्यामुळे काही स्त्रियांची शस्त्रक्रिया टळते. तथापि ज्या स्त्रीला पुढे मूल हवे आहे, तिच्यासाठी सर्वसाधारणपणे गाठ काढण्याची शस्त्रक्रियाच अधिक योग्य मानली जाते.

पावणेदोनशे वर्षांची वाटचाल

गर्भाशय राखून पोटातून गाठ काढण्याचे श्रेय अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर गावातील वॉशिंग्टन आणि जॉन ॲटली या शल्यचिकित्सक बंधूंना देतात. हे घडले १८४४ च्या सुमारास. शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देण्याचे बोस्टन येथील सुप्रसिद्ध प्रात्यक्षिक १८४६ चे. म्हणजे त्यापूर्वीचे हे धाडस होते. पुढे भूल आली, निर्जंतुकीकरण आले, गर्भाशय संपूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया सुरक्षित झाली आणि तीच रूढ झाली. गाठी सोलून काढण्यात रक्तस्राव अधिक आणि कौशल्य अधिक. संपूर्ण अवयव काढणे त्या मानाने सोपे. त्यामुळे बहुतेक शल्यचिकित्सक सोप्या मार्गाने गेले.

हा प्रवाह उलट फिरविण्याचे काम लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी केले. मिडलसेक्स रुग्णालय आणि चेल्सी येथील स्त्रियांचे रुग्णालय या ठिकाणी त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय विवाहानंतर लवकरच काढावे लागले होते आणि हे दांपत्य निपुत्रिक राहिले. तरुण स्त्रीचे गर्भाशय निरुपद्रवी गाठींपायी जाणे हा शस्त्रक्रियेचा पराभव होय, अशी बॉनी यांची धारणा होती. गर्भाशयाचा रक्तपुरवठा शस्त्रक्रियेपुरता रोखून धरणारा चिमटा त्यांनी तयार केला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९४६ साली त्यांनी या शस्त्रक्रियेच्या बारकाव्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

स्त्रीचा अवयव राखण्याचा हा विचार आपल्याकडेही परका नाही. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत कीर्ती मिळविलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भ राखण्याची पद्धत १९५५ साली प्रसिद्ध केली. 'शिरोडकर टाका' या नावाने ती जगभर गेली. अंग बाहेर येण्याच्या विकारातही गर्भाशय न काढता ते उचलून धरणारी शस्त्रक्रिया त्यांनी बसविली. विकार दुरुस्त करावा, अवयव टिकवावा, ही दृष्टी त्या सर्व कार्यामागे होती. गाठींच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी.

शस्त्रक्रिया कशी करतात?

गाठ काढून गर्भाशय राखता येते, याचे कारण गाठीच्या रचनेतच आहे. गाठ वाढताना ती शेजारच्या स्नायूत मुळे पसरवीत नाही, तर त्याला बाजूला ढकलते. दाबल्या गेलेल्या या स्नायूचे गाठीभोवती एक वेष्टण तयार होते. संत्र्याची साल नेमक्या थरात धरली की फोडींना धक्का न लागता संत्रे मोकळे होते, त्याप्रमाणे शल्यचिकित्सक गाठीवरील स्नायूला छेद देऊन या वेष्टणाच्या थरापर्यंत पोहोचतात आणि गाठ अलगद सोडवून घेतात. उरलेली पोकळी विरघळणाऱ्या टाक्यांनी थराथराने शिवून बंद करतात. बीजकोश, बीजवाहिन्या आणि गर्भाशयमुख यांना हात लावावा लागत नाही.

येथे एक फरक लक्षात ठेवावयास हवा. कधीकधी गर्भाशयाचे आतील अस्तरच स्नायूंत शिरून भिंत सुजते. सोनोग्राफीत हा विकार गाठीसारखा भासू शकतो. त्याला असे वेष्टण नसते, त्यामुळे तो सोलून काढता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी अचूक निदानाला फार महत्त्व आहे. बहुतेक वेळा सोनोग्राफी पुरते. गाठी पुष्कळ असल्यास किंवा शंका असल्यास एमआरआय तपासणी करतात. गाठींची संख्या, आकार आणि जागा यांचा नकाशाच जणू शल्यचिकित्सकाच्या हाती असावा लागतो.

शस्त्रक्रिया तीन मार्गांनी करता येते. पहिला मार्ग योनिमार्गातून दुर्बीण गर्भाशयाच्या पोकळीत घालून. पोकळीत डोकावणाऱ्या लहान गाठींसाठी हा मार्ग सर्वोत्तम. १९७६ साली न्यूयॉर्कचे रॉबर्ट न्यूवर्थ यांनी या मार्गाने गाठी काढल्याचे प्रसिद्ध केले. यात पोटावर छेद नाही, टाके नाहीत आणि बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. पोकळी फुगविण्यासाठी वापरलेला द्रव शरीरात किती शोषला गेला, यावर मात्र काटेकोर लक्ष ठेवावे लागते.

दुसरा मार्ग पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने. जर्मनीतील कील येथील कुर्ट झेम यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही वाट रुळविली. यात वेदना कमी व विश्रांती अल्प लागते. परंतु गर्भाशयाची भिंत दुर्बिणीतून पक्की शिवणे हे कसबाचे काम आहे. शिवाय काढलेली गाठ लहान छिद्रातून बाहेर आणण्यासाठी तिचे तुकडे करावे लागतात. गाठीत न ओळखला गेलेला कर्करोग असल्यास तो पोटात पसरण्याचा धोका लक्षात घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये तुकडे करणाऱ्या यंत्राच्या वापराबाबत इशारा दिला. त्यानंतर गाठ पिशवीत बंद करून तिच्या आतच तुकडे करण्याची खबरदारी घेण्यावर भर दिला जाऊ लागला.

तिसरा मार्ग पोट उघडून. गाठी फार मोठ्या किंवा पुष्कळ असतील तर हाच मार्ग खात्रीचा. बोटांनी चाचपून खोलवरची गाठही यात सापडते. रुग्णालयात काही दिवस राहावे लागते आणि पूर्ववत कामाला लागण्यास चार ते सहा आठवडे लागतात. हा मार्ग जुना आहे म्हणून कमी दर्जाचा, असे समजण्याचे कारण नाही. मार्ग कोणता, यापेक्षा तो त्या गाठीला साजेसा आहे काय, हे महत्त्वाचे.

रक्ताची तयारी

या शस्त्रक्रियेतील मुख्य धोका रक्तस्रावाचा. गर्भाशयाला रक्तपुरवठा विपुल असतो आणि छेद त्याच्या भिंतीतच द्यावयाचा असतो. म्हणून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध गाठीभोवती टोचतात, किंवा गर्भाशयाच्या खालच्या भागाभोवती रबरी नळी आवळून रक्तपुरवठा थोडा वेळ रोखतात. परंतु खरी तयारी त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हावयास हवी. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो रक्तक्षय होय. सात-आठ ग्रॅमवर असलेल्या स्त्रीची तातडीची गरज नसताना घाईने शस्त्रक्रिया करणे, म्हणजे धोका ओढवून घेणे. काही आठवडे पाळी रोखून, लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देऊन तिचे रक्त वाढविले, तर शस्त्रक्रिया सुरक्षित होते आणि बाहेरचे रक्त देण्याची वेळही अनेकदा टळते. तरीही शस्त्रक्रियेच्या दिवशी योग्य गटाचे रक्त हाताशी असणे आवश्यक आहे. जेथे रक्तपेढीची सोय नाही, तेथे ही शस्त्रक्रिया करू नये.

मर्यादाही जाणून घ्याव्यात

गर्भाशय राखण्याची किंमतही स्त्रीला स्पष्टपणे सांगावयास हवी. काढलेली गाठ परत येत नाही. परंतु गर्भाशय जागेवर असल्याने नव्या गाठी होऊ शकतात. काही वर्षांनी सोनोग्राफीत पुन्हा लहान गाठी दिसणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण बरेच असते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्यांचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असते. पहिल्या वेळी गाठी जितक्या अधिक आणि स्त्रीचे वय जितके कमी, तितकी ही शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेनंतर आतडी किंवा बीजवाहिन्या जखमेला चिकटण्याचा संभव असतो. तो कमी करण्यासाठी शक्य तेथे छेद गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला आणि कमीत कमी संख्येने देतात. रक्तस्राव आटोक्यात न आल्यास प्राण वाचविण्यासाठी ऐनवेळी गर्भाशय काढावे लागू शकते. अनुभवी हातांत अशी वेळ शंभरात एकीवरही क्वचितच येते. पण ती येऊ शकते, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सांगितलेले असले पाहिजे. काढलेली प्रत्येक गाठ सूक्ष्म तपासणीसाठी पाठवावी आणि तिचा अहवाल स्त्रीने जपून ठेवावा.

शस्त्रक्रियेनंतर गर्भाशयाची जखम भरून येण्यास अवधी लागतो. म्हणून सामान्यतः किमान तीन ते सहा महिने गर्भधारणा टाळावयास सांगतात. छेद खोल असल्यास त्याहून अधिक काळ. गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका थोडा असला तरी गंभीर आहे. छेद भिंतीच्या पूर्ण जाडीतून गेला असल्यास नियोजित सिझेरियनचा सल्ला देतात. यासाठी शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेले कागद प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना दाखविणे अत्यावश्यक आहे. हे कागद घरात कोठेतरी पडून राहतात आणि ऐनवेळी सापडत नाहीत. ते रेशनकार्डाइतकेच जपावेत.

गर्भाशय केव्हा काढावे?

गर्भाशय काढणे नेहमीच चूक, असा याचा अर्थ नव्हे. कर्करोगाचे निदान किंवा सबळ शंका, इतर उपायांनी न थांबणारा जीवघेणा रक्तस्राव, वेगळ्या न करता येणाऱ्या असंख्य गाठी, अशा परिस्थितीत ते काढणेच हिताचे ठरते. मुले झालेली, चाळिशी उलटलेली, वर्षानुवर्षे त्रासलेली स्त्री सर्व पर्याय समजून घेऊन पुन्हा गाठ नको म्हणून गर्भाशय काढण्याचे ठरवू शकते. तो तिचा अधिकार आहे. त्याचप्रमाणे, मूल नको असले तरी आपले गर्भाशय राखावे असे वाटणे, हाही तिचाच अधिकार आहे. "आता पिशवीचा उपयोग काय?" हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारावयाचा नाही.

गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर तरुण वयातच पाळी थांबल्यानंतरची अवस्था एकाएकी येते. अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी त्यांचे कार्य काहीसे लवकर मंदावू शकते. तिशीतील, कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीवर याचा काय परिणाम होत असेल, याची कल्पना करता येईल.

बीडचा धडा

ही कल्पना करण्याची गरज महाराष्ट्राला उरलेली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे २०१९ साली उजेडात आले. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याचे आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे जवळजवळ एक.

या आकड्यामागे केवळ आजार नव्हता. पतिपत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते आणि एक दिवस काम चुकले की 'खाड्या'चा दंड बसतो. फडात ना शौचालय, ना पुरेसे पाणी, ना विश्रांती. पाळीचे चार दिवस हीच तेथे अडचण ठरते. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे यांसारख्या, औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींसाठीही कर्करोगाची भीती दाखवून गर्भाशये काढली गेल्याच्या तक्रारी झाल्या. यांपैकी किती जणींना गाठी होत्या हा भाग निराळा. परंतु ज्यांना होत्या, त्यांना गाठ काढून गर्भाशय राखता येते, हे कोणी सांगितले असेल काय? मोळी वाहणाऱ्या आणि खाड्याला भिणाऱ्या स्त्रीला सहा आठवड्यांची विश्रांती दोन्ही शस्त्रक्रियांनंतर लागते. ती तिला मिळाली नाही, तर कोणतीच शस्त्रक्रिया यशस्वी होणार नाही.

हा प्रश्न एका जिल्ह्याचा किंवा एका राज्याचा नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान या राज्यांत अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्याच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांच्या आत स्वीकारण्याचे निर्देश न्यायालयाने राज्यांना दिले. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असाव्यात आणि अशा शस्त्रक्रियांची नोंद व छाननी व्हावी, असा या तत्त्वांचा आशय आहे.

संमतीच्या बाबतीत त्याच न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निर्णयही प्रत्येक स्त्रीने जाणून घेण्याजोगा आहे. एका स्त्रीला दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी भूल देण्यात आली. ती गुंगीत असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होऊ शकत नाही आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आई, पती किंवा सासू यांची सही म्हणजे त्या स्त्रीची सही नव्हे.

डॉक्टरांना काय विचारावे?

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर पुढील प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. असे विचारण्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही.

१. गाठी किती आहेत, केवढ्या आहेत आणि नेमक्या कोठे आहेत?

२. माझा त्रास खरोखर या गाठीमुळेच होतो आहे काय?

३. औषधे देऊन पाहता येतील काय? काही महिने थांबल्यास काय होईल?

४. गाठ काढून गर्भाशय राखता येईल काय? येत नसल्यास त्याचे कारण कोणते?

५. माझे हिमोग्लोबिन किती आहे? शस्त्रक्रियेपूर्वी ते वाढविता येईल काय? येथे रक्ताची सोय आहे काय?

६. ही शस्त्रक्रिया आपण येथे नेहमी करता काय? नसल्यास कोठे पाठवाल?

७. गर्भाशय काढावेच लागले, तर बीजकोश राखणार काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संमतिपत्रावर लिहून घ्यावे. ज्या रुग्णालयात गर्भाशय काढण्याखेरीज दुसरा पर्याय सांगितला जात नाही, तेथून बाहेर पडून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात हे मत घेता येते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. गाठ एका रात्रीत वाढत नाही. जीवघेणा रक्तस्राव नसेल, तर दुसरे मत घेण्याइतका अवधी जवळजवळ प्रत्येक स्त्रीला असतो.

गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, परिचारिका, महिला मंडळे आणि बचतगट यांनी ही माहिती घरोघर पोहोचविली, तर फार मोठे काम होईल. महिना महिना अंगावरून जात असलेल्या स्त्रीला वेळीच तपासणीस नेणे हे त्या कामाचे पहिले पाऊल. "गाठ निघते, गर्भाशय राहू शकते" हे वाक्य शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी तिच्या कानी पडणे हे दुसरे. त्यानंतर ती जो निर्णय घेईल, तो भीतीपोटी नव्हे तर समजून घेतलेला असेल आणि तो तिचा स्वतःचा असेल.